पूर्वग्रह आणि वंशभेद या विषयावरील शालेय कार्यशाळा: एका शिक्षकाचा अभिप्राय

आमची शाळा चोपडा तालुक्यात आहे. गावातील मुले, तांड्यावरची बंजारा मुले आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येऊन वसतिगृहात राहणारी पावरा व भिल्ल मुले एकाच वर्गात शिकतात. मात्र मधल्या सुट्टीत त्यांचे गट आपोआप वेगळे होतात, हे मी बारा वर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे बाहेरगावच्या एका संस्थेने आठवी-नववीसाठी पूर्वग्रह आणि वंशभेद या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा देऊ केली, तेव्हा ती घ्यावीच असा आग्रह मी मुख्याध्यापकांकडे धरला. विद्यार्थ्यामागे ऐंशी रुपये शुल्क, दोन प्रशिक्षक आणि शेवटी शाळेकडेच राहणारा चित्रकार्डांचा संच, असे तिचे स्वरूप होते.

पहिले सत्र त्वचेच्या रंगाविषयी होते. मेलॅनिन म्हणजे काय आणि जेथे ऊन अधिक प्रखर, तेथील माणसांची त्वचा पिढ्यान्‌पिढ्या गडद का होत गेली, हे प्रशिक्षकांनी थोडक्यात आणि अचूक सांगितले. नंतर २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत घडलेली घटना त्यांनी सांगितली. नीडो तानिया हा अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी. त्याच्या केसांवरून त्याची टिंगल झाली, वाद वाढला आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. वंशभेद ही केवळ अमेरिकेतील किंवा दक्षिण आफ्रिकेतील गोष्ट आहे, असे मानणारी मुले त्या वेळी एकदम गप्प झाली.

माझ्या मते सर्वांत उत्तम भाग त्यानंतरचा होता. प्रशिक्षकांनी वधू-वर परिचय मेळाव्यांच्या जुन्या पुस्तिका, नावे व छायाचित्रे झाकून, गटागटांत वाटल्या आणि प्रत्येक स्थळाच्या माहितीतील रंगाविषयीचा शब्द अधोरेखित करण्यास सांगितले. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे शब्द मुलांनी फळ्यावर मांडले, तेव्हा ‘काळा’ हा शब्द एकाही पानावर नाही, हे एका मुलीच्या लक्षात आले. मग काळी माणसे लग्नच करत नाहीत का, की त्यांना स्वतःविषयी खोटे लिहावे लागते, असा प्रश्न तिने विचारला. या प्रश्नावर वर्ग जवळजवळ पाऊण तास बोलत राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द कंपनीने २०२० मध्ये काढला, हे त्याच ओघात आले. परंतु नाव बदलले म्हणून घरातील आजीचे मत बदलले का, हा पुढचा प्रश्न मुलांनी स्वतःहून काढला. आपल्याच समाजाच्या पुस्तिकेतून विषय समोर आल्यामुळे कोणालाही तो परका वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रयोगाविषयी मात्र माझा ठाम आक्षेप आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात, रायसव्हिल या गावी, मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ एप्रिल १९६८ रोजी, जेन इलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी करून एका गटाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ ठरवले होते. त्याच धर्तीवर येथे अर्ध्या वर्गाच्या मनगटाला पिवळी फीत बांधण्यात आली. फीत असलेल्यांनी मागे बसायचे आणि पाणी सर्वांत शेवटी प्यायचे. रायसव्हिलच्या त्या वर्गातील सगळी मुले गोरी होती, त्यामुळे रंगावरून होणारा अपमान म्हणजे काय हे त्यांना त्या प्रयोगातूनच प्रथम कळले. आमच्या वर्गात ज्यांना तो अपमान आधीपासून ठाऊक आहे अशी मुले बसलेली होती. नंतरच्या चर्चेत गावातील मुले भरभरून बोलली, वसतिगृहातील एकही मूल बोलले नाही, आणि एका मुलाने फीत सोडून बाकाखाली ठेवलेली मी पाहिली. ज्यांच्या अनुभवाविषयी हा सारा खटाटोप होता, त्यांनाच त्या तासात गप्प बसावे लागले. हे मी प्रशिक्षकांना दुपारी स्पष्ट सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, याची नोंद येथे करणे उचित आहे.

दुपारचे सत्र त्यांनी लगेच बदलले आणि वर्गात कोणते शब्द तुम्ही तोंडाशी आलेले परत गिळता, असे विचारले. बऱ्याच वेळाने एका मुलीने सांगितले की घरी ती ‘काय करी ऱ्हायनी?’ असे विचारते, पण शाळेत तसे बोलल्यास मुले ‘गावठी’ म्हणतात. बहिणाबाईंनी आपल्या बोलीत रचलेल्या कविता वर्गात मोठ्या अभिमानाने म्हणायच्या आणि शेजारच्या मुलीच्या अहिराणीला हसायचे, हे आमच्याकडे सर्रास चालते. त्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, कारण प्रमाण मराठी शिकवण्याच्या भरात ‘नीट बोल’ असे आम्ही सहज म्हणून जातो. त्यानंतर पावरा मुलांनी आपल्या बोलीतील शब्द फळ्यावर लिहिले आणि वर्गाने ते उतरवून घेतले.

चित्रकार्डांचा संच छपाईने चांगला असला, तरी मजकुराची मराठी इंग्रजीवरून उतरवलेली आहे, हे जागोजागी जाणवते. चोवीस कार्डांपैकी खान्देशाशी संबंध असलेले एकही नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने पूर्ण जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी मुलाकडे पाहून आजही दप्तर जवळ ओढले जाते. हे एका कार्डावर यायला हवे. इंग्रजांशी लढलेल्या खाज्या नाईकांवर आणि १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईवरही एक कार्ड हवे, कारण भिल्ल म्हटले की केवळ धनुष्यबाण घेऊन नाचणारी माणसे आठवावीत, हाही एक साचाच आहे.

पुढील वर्षी नववीच्या नव्या तुकडीसाठी आम्ही हीच कार्यशाळा पुन्हा घेणार आहोत. फितींचा प्रयोग वगळावा आणि परिचय पुस्तिकांच्या सत्राला संपूर्ण सकाळ द्यावी, असे संस्थेला लेखी कळवले आहे. खान्देशावरील सहा कार्डांचा मजकूर आमचीच मुले सध्या लिहीत आहेत.