बडोद्याची 'एजाइल' सॉफ्टवेअर कंपनी: काम साडेचार स्टार, काँट्रॅक्ट दोन

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण काम अजून चालू आहे, अलकापुरीच्या बाजूला ऑफिस आहे एवढंच सांगतो. आमचं ऑफिस सरकारी उपक्रम, यांना स्टोअर आणि मेंटेनन्सच्या तक्रारींचं सॉफ्टवेअर करायला दिलं.

टीम खरंच मस्त. एजाइल म्हणजे सॉफ्टवेअर एकदम न करता थोडं थोडं करून दाखवत जायचं, म्हणून दर दोन आठवड्यांनी डेमो, आणि डेमो म्हणजे पीपीटी नाही हां, आमच्याच सर्व्हरवर चालणारं. पहिल्याच डेमोत आमचे स्टोअरकीपर काका म्हणाले अहो इथे माल आधी उचलतात आणि इंडेंटवर (मालाच्या मागणीपत्रावर) सही नंतर होते, आता हे कुठल्या एसआरएसमधे (आधीच लिहून घेतलेल्या गरजांच्या दस्तऐवजात) आलं असतं सांगा. पुढच्या डेमोला ते बदललेलं, जादा पैसे नाहीत, चेंज रिक्वेस्टचं पत्र नाही. नवरात्रात मात्र कोण डेमो बघतंय, अख्खं ऑफिस रात्री गरब्याला आणि सकाळी पेंगत, त्यांनी समजून घेतलं.

घोळ सगळा आमच्या टेंडरचा. आरएफपी (प्रस्ताव मागवायचा टेंडरचा कागद) जुन्या कामावरून कॉपी-पेस्ट, त्यामुळे पेमेंटचे टप्पे एसआरएस, डिझाइन, यूएटी (वापरणाऱ्यांनी करायची चाचणी), गो-लाइव्ह असे. म्हणजे काम स्प्रिंटने (दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत) आणि पैसे वॉटरफॉलने (एक टप्पा पूर्ण संपला की मगच पुढचा)! निम्मी मॉड्यूल्स लोक वापरतायत आणि बिल अडकलंय, कारण अकाउंट्सला 'मंजूर एसआरएस' पाहिजे. शेवटी बिचाऱ्यांनी जाडजूड एसआरएस लिहून दिलं, फक्त बिलासाठी, कोणी उघडूनही बघितलं नाही.

तुमच्याकडे असं काम निघणार असेल तर पेमेंट स्प्रिंटला बांधा. एकूण रकमेची मर्यादा ठरवा, दर स्प्रिंटचा रेट ठरवा, आणि 'काम झालं' म्हणजे काय ते लिहूनच टाका, म्हणजे टेस्ट झालेलं, गुजराती लेबलसकट, सोर्स कोड आपल्या ताब्यात. डेमोनंतर स्वीकृतीच्या कागदावर सही, तोच कागद फाइलला लावायचा, ऑडिटवाले विचारतात कशाचे पैसे दिले तर दाखवायला असतो. मधेच थांबवायची सोय पण ठेवा. आणि आपल्या बाजूने निर्णय घेणारा एकच माणूस, ज्याला दर वेळी साहेबांकडे नोटिंग पाठवावं लागणार नाही, हे सगळ्यात अवघड.

दुसरं, नुसत्या एल-वनवर, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवर, जाऊ नका. अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे १० कोटींपर्यंतच्या नॉन-कन्सल्टन्सी (सल्ला सोडून इतर) सेवांना क्यूसीबीएस, म्हणजे किंमत आणि क्वालिटी दोन्हीला गुण देऊन निवड, करता येतं, क्वालिटीला जास्तीत जास्त ३० टक्के वजन. त्यात टीमची मुलाखत आणि छोटं प्रोटोटाइप मागा, नाहीतर टर्नओव्हरचं सर्टिफिकेट बघून कंपनी निवडली जाते आणि येतात भलतीच पोरं.

कंपनीचा दोष एकच पण मोठा, सिक्युरिटी ऑडिटचं प्लॅनिंगच नव्हतं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) यादीतल्या ऑडिटरकडून तपासल्याशिवाय साइट लाइव्ह होत नाही हे सरकारी काम घेणाऱ्याला माहीत नको? दर स्प्रिंटला ऑडिट परवडत नाही, म्हणून आता नवीन काम स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) दर दोन आठवड्यांनी आणि ऑडिट करून लाइव्ह तिमाहीला असं ठरवलंय, ठीक चाललंय.

एएमसीचा (वार्षिक देखभालीच्या कराराचा) कोट आलाय, जरा जास्तच वाटतो, घासाघीस चालू आहे.