बांधकाम कामगार मंडळाची सेवा: पैसा आहे, घोडं अडतं दाखल्यावर

कोकणातल्या गवंड्यांनी, सुतारांनी, रंगाऱ्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी का? जरूर करावी. १९९६च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर, जमिनीची किंमत वगळून, १ टक्का उपकर बसला. एक कोटीच्या इमारतीमागे एक लाख. आजारपण, बाळंतपण, मुलांची शाळा यांसाठीची मदत याच पैशातून येते, म्हणून ती हक्काने मागावी.

सगळ्यात भक्कम बाजू शिक्षणाची. पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० (या दोन्हींना हजेरी मात्र ७५ टक्के हवी), अकरावी-बारावीला १०,०००, पदवीला २०,०००, अभियांत्रिकीला ६०,००० आणि वैद्यकीयला १ लाख. लाभ पहिल्या दोन मुलांना. साध्या बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० मिळतात.

सेवेची कमजोर कडी म्हणजे ९० दिवस काम केल्याचा दाखला. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम, ही अट. चिऱ्याचं बांधकाम जूनमध्ये थांबतं ते दिवाळीच्या सुमारास पुन्हा उभं राहतं, तरी उरलेल्या सात महिन्यांत ९० दिवस सहज भरतात. भरत नाही तो कागद. पाऊस लागला की ठेकेदार दुसरीकडे जातो, आणि आज या वाडीत, उद्या त्या वाडीत काम करणाऱ्याची हजेरी कुणाच्याच वहीत नसते. ग्रामपंचायत अधिकारीही (पूर्वीचे ग्रामसेवक) दाखला देऊ शकतात, पण समोर नोंद नसताना सही करायला ते कचरतात; त्यात त्यांचं फारसं चुकतं असंही नाही. उपाय एकच: प्रत्येक कामाच्या तारखा वहीत लिहून घरमालकाची सही घ्यायची आणि दाखला मे महिन्यातच हातात घ्यायचा. त्यावर जावक क्रमांक, तारीख आणि शिक्का आहे का, हे तिथेच पाहावं. यातलं एक जरी राहिलं तरी अर्ज परत येतो.

आधार आणि बँक पासबुकावर नाव अक्षरशः एकच हवं. ‘गोविंद’ आणि ‘गोविंदा’ एवढ्या फरकानेही पैसे अडकतात.

नूतनीकरण दरवर्षी. ते चुकलं की नोंदणी निष्क्रिय होते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही. नोंदणीची फी १ रुपया आणि वार्षिक वर्गणीही १ रुपया. एजंट शेकड्यांत मागत असेल तर कागद परत घेऊन थेट तालुक्याच्या सुविधा केंद्रात जावं.