अर्जुनो-वेलिरांग: डोंगर अव्वल, पुण्याचं ऑफिस काठावर पास

आधी निकाल सांगते, मग कारणं. ट्रेक करावा का? नक्की करावा. आम्ही पुण्याच्या ज्या ट्रेक कंपनीमार्फत गेलो तिच्यामार्फत करावा का? नाही. नाव लिहीत नाही, कारण पैशांचं बोलणं अजून चालू आहे.

अर्जुनो (३,३३९ मीटर) आणि वेलिरांग (३,१५६ मीटर) हे इंडोनेशियाच्या पूर्व जावातले दोन शेजारी ज्वालामुखी. मधे खिंड, वर एकच लांब धार. राजगड-तोरणा केलेल्यांना साधारण अंदाज येईल, फक्त इथे वाटेत ताक घेऊन बसलेल्या मावशी नाहीत. सुरबायाच्या विमानतळावर उतरायचं, गाडीने त्रेतेस गावात जायचं आणि तिथून तीन दिवस, दोन रात्री डोंगरात. व्हिसा उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया. आकडा ऐकून एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, तेवढंच.

आम्ही चौघी, सगळ्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, रविवारी सिंहगड आणि वर्षातून एखादं कात्रज-सिंहगड करणाऱ्या. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं: 'सिंहगड नियमित चढणाऱ्यांना सहज जमेल.' आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे सहाशे मीटरच्या आसपास चढ. त्रेतेसपासून अर्जुनोच्या माथ्यापर्यंत तो चोवीसशेच्या घरात जातो, तोही पाठीवर सॅक घेऊन, आणि शेवटचा टप्पा विरळ हवेत. म्हणजे एकावर एक चार सिंहगड. हे गणित त्या ऑफिसात कुणालाच करता येत नसेल असं नाही. जमतं, पण 'सहज'? पायऱ्या चढून पर्वतीला जाणाऱ्या कुणी या शब्दावर विसंबून पैसे भरले तर अवघड आहे.

पहिला दिवस कंटाळवाणा, स्पष्टच सांगते. गंधक खाली आणणाऱ्या जीपसाठी दगड रचून केलेला रस्ता आहे, त्यावरून चढत राहायचं. दगड गोटे, चढ सरळ, वळणांना फारशी सावली नाही. कोकोपानला पाणी मिळालं आणि एका टपरीवर गोड चहा. पुढे पोंडोकानला गंधक कामगारांच्या गवताने शाकारलेल्या झोपड्या लागतात. त्यापुढच्या लेम्बा किडांगच्या गवताळ खोलगटात आमचे तंबू होते. भोवती सुरूची उंच झाडं आणि वारा सुटला की त्यांची शीळ. मुक्काम साधारण अडीच हजार मीटरवर, त्यामुळे एकीचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी साडेपाचला दिवस मावळतो. जुलैत सात वाजेपर्यंत उजेड बघायची आपल्याला सवय, त्यामुळे पहिल्या दिवशी स्वयंपाक, तंबू, कपडे बदलणं सगळं हेडटॉर्चवर. आणि थंडी! विषुववृत्त जवळ म्हणून पातळ जॅकेट पुरेल असं पुण्यातून सांगितलं होतं. मी त्यांचं ऐकलं नव्हतं, म्हणून झोपले.

आता स्थानिक गाईडबद्दल, कारण या ट्रेकचं खरं श्रेय त्याचं. छापील कार्यक्रमात दोन्ही शिखरं एकाच दिवशी होती. मध्यरात्री निघून अर्जुनो, दुपारी वेलिरांग. त्याने कागद वाचला, हसला आणि घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी फक्त वेलिरांग, म्हणजे अंगाला उंचीची सवय होईल. मग लवकर जेवून झोप, आणि रात्री एकला अर्जुनो. असा बदल करायला अनुभव लागतो. पुण्याहून आलेल्या लीडरकडे तो नव्हता. त्याचं निम्मं लक्ष व्हिडिओ काढण्यात. त्याच्या पत्रकात 'कॅम्पफायर'सुद्धा होती. गाईडने साफ नाही म्हटलं. २०२३ मध्ये याच डोंगरावर मोठा वणवा लागला होता, कोरड्या गवतात ठिणगी पुरते. आम्हा चौघींना त्याचं पटलं, लीडरला नाही.

वेलिरांग हा माझ्या मते या जोडीतला जास्त बघण्यासारखा. शेवटचा उद्रेक १९५२ सालचा, पण डोंगर थंड झालेला नाही. कड्याच्या फटींतून फसफस आवाज करत वाफ येते. प्रत्येक फटीच्या तोंडाशी गंधकाच्या कोवळ्या पिवळ्या सुया जमलेल्या, इतक्या नाजूक की बोट लावलं की भुगा. त्याच पिवळ्याच्या कडेला दगड भाजून पांढरा पडलेला. गाईडने आम्हाला वारा पाठीशी ठेवूनच उभं केलं, आणि वारा फिरला तसा एका मिनिटात हलवलं. कुजक्या अंड्याचा वास येतोय तोवर निदान कळतं तरी. तोच वायू जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो, मग वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. पुण्याच्या किटमध्ये यासाठी काय होतं? दवाखान्यातले निळे मास्क. धुळीला ठीक, वायूला शून्य. जाणार असाल तर फिल्टरचा नीट मास्क स्वतः घेऊन जा. उतरताना गंधकाची पोती लादलेली हातगाडी सांभाळत चाललेला एक कामगार भेटला, पायात साध्या रबरी चपला. माझ्या महागड्या बुटांकडे त्याने बघितलं नाही हे बरं.

अर्जुनोची चढण वेगळीच. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, साडेसहा कोटी वर्षांचा मुरलेला बेसाल्ट. पाय कातळावर टाकला की तो तिथेच राहतो, आणि आपले गुडघे त्या भरवशावर चालायला शिकलेले असतात. इथला डोंगर स्वतःच फेकलेल्या राखेचा, दगडगोट्यांचा, लाव्ह्याचा ढीग. जंगल संपलं की नुसता घसारा. दोन पावलं वर, एक खाली, आणि पुढच्याने उडवलेली धूळ तोंडात. गेटर्स (बुटात खडी जाऊ नये म्हणून घोट्यावर बांधायचं कापड) आणि दोन काठ्या हव्यातच. पत्रकात काठी 'ऐच्छिक' लिहिली आहे. उतरताना, विशेषतः शेवटच्या दिवशी माथ्यापासून थेट त्रेतेसपर्यंत, ऐच्छिक काय ते गुडघेच ठरवतात.

माथा म्हणजे एकमेकांवर कलंडलेल्या प्रचंड शिळा. उजाडताना दक्षिणपूर्वेला सेमेरू ज्वालामुखी दिसला, ३,६७६ मीटर, आणि थोड्या वेळाने त्याने राखेचा एक करडा गोळा वर सोडला. उत्तरेला खाली पेनांगुंगानचा सुबक शंकू, अगदी टेंगळासारखा. गाईडने उंची सांगितली, १,६५३ मीटर. आमचं कळसूबाई १,६४६! चौघी गप्प. अर्जुनाने याच डोंगरावर तप केलं अशी कथा गाईडने सांगितली, आणि मग फजरच्या नमाजासाठी एका सपाट शिळेवर चटई अंथरली.

जेवण: 'शंभर टक्के शाकाहारी' हा दावा सोडून द्या. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, भात, शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या उकडलेल्या भाज्या, सगळं उत्तम; पण सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या ठेच्यात, आणि कधीकधी त्या चटणीतही तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली गोळी असते. स्वयंपाक्याला 'तान्पा तेरासी' सांगितलं की तो आनंदाने वेगळं करून देतो. पुण्याच्या ऑफिसला हे माहीतच नव्हतं. आमच्याकडचं मेतकूट त्याने चाखून दोनदा मागून घेतलं.

राहिला टॉयलेट टेंट. बायकांच्या गटाला तो देणार म्हणून माणशी वेगळे पैसे घेतले होते. तो सुरबायालाही आला नाही, डोंगरावर तर नाहीच. गाईडने ताडपत्री आणि दोरीने आडोसा करून दिला, खड्डा खणला, माती टाकायला फावडं ठेवलं, तेही न मागता.

कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर. निघण्याआधी डोंगर उघडा आहे ना ते विचारा, आणि विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा बघा, बऱ्याच पॉलिसी तीन हजार मीटरच्या आधीच हात वर करतात. गाईड आणि पोर्टर त्रेतेसमध्येच थेट ठरवता येतात. पुण्याच्या ऑफिसने टेंटच्या पैशांबद्दल फोनवर सांगितलं, 'मॅडम, पुढच्या ट्रेकमध्ये अ‍ॅडजस्ट करू.' पुढचा ट्रेक तुमच्याबरोबर कोण करतंय, असं विचारल्यावर म्हणाले, सरांशी बोलून कळवतो.