परतीच्या वाटेवर घोडी सुटते तेव्हा: कडक लगाम, गोल चक्कर की दारातलं काम?

जाताना शांत चालणारी घोडी परतीचं वळण घेतलं की बदलते. मान वर, पाऊल आखूड, अंग आडवं, आणि हातातला लगाम एकसारखा ओढत राहते. कोल्हापुरात चार घोडेवाल्यांना यावर उपाय विचारला की फिरून फिरून तीनच उत्तरं मिळतात: तोंडात कडक कडियाळं (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग) घाला, पळाली की गोल फिरवा, किंवा घरी आणून कामाला लावा. तिन्ही उपाय आमच्या घोडीवर करून झालेत. आमचा तबेला वडणग्याच्या बाजूला आहे. रपेट निगवे, कुशिरे अशी होते आणि सवड असली तर जोतिबाच्या पायथ्यापर्यंत जाते. तुमची वाट आणि तुमचं जनावर वेगळं असेल, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

काहीही निवडण्याआधी पाठ, खोगीर आणि दात डॉक्टरांकडून बघून घ्या. घोड्याच्या दाढा झिजत आणि वर येत राहतात. त्यांच्या कडांना धार आली की लगाम नुसता धरला तरी गाल सोलतो. तशा घोडीला कुठलीच शिकवणी लागू पडायची नाही. पोटाचंही तसंच आहे. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान असतं, त्यात आम्ल सतत झरतं, आणि दिवसभर थोडं थोडं चरावं अशीच त्याची घडण आहे. रिकाम्या पोटी बाहेर काढलेली घोडी वैरणीकडे धावणारच. निघण्याआधी तिच्यापुढे थोडी वैरण टाका. चंदी, म्हणजे दाणा, मात्र नको.

आता कडक कडियाळं. आपल्या भागात बरेच घोडे घोडागाडीच्या शर्यतीतून स्वारीला येतात. आमची घोडीही तिकडूनच आली. अशा जनावराला तोंडावर ओझं घेऊन पळायची सवय असते, त्यामुळे लगाम ताणला म्हणजे थांबायचं असतं हे त्याला ठाऊकच नसतं. लांब दांडीचं कडियाळं तरफेसारखं चालतं. हातातलं थोडं बळ वाढून जबड्यावर येतं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, तिच्याखाली लगेच हाड लागतं, आणि दाब नेमका तिथे बसतो. घोडी थांबते, हे खरं. पण दुखलं की पळायचं हा घोड्याचा उपजत स्वभाव आहे. पुढे पळता येईना तेव्हा आमची घोडी मागच्या पायांवर उभी राहू लागली, आणि तिथेच मी ते काढून ठेवलं. हलक्या हाताचे जुने स्वार ते वापरतात आणि घोड्याला इजा होऊ देत नाहीत, हेही मी पाहिलंय. नव्या माणसाला मी ते सुचवणार नाही.

खरी निवड उरते ती बाकीच्या दोघांत.

गोल फिरवणं मला मनापासून पटतं. घोडी सुटू लागली की एका बाजूचा लगाम अलगद उघडायचा, म्हणजे तो हात अंगापासून बाजूला न्यायचा, तिला घराच्या उलट दिशेला वळवायचं आणि चालीवर येईपर्यंत गोलात ठेवायचं. ती शांत झाली की पुन्हा घराकडे निघायचं. वळताना मागचा पाय आडवा टाकावा लागतो, त्यामुळे पुढे रेटायचा जोर निघून जातो. घाई केली की घर लांबतं, एवढंच तिला कळायला हवं. यात दुखापत नाही आणि परिणाम त्याच क्षणी दिसतो. गवताळ मोकळ्या माळावर आमची घोडी यानं सुरेख वागायची.

अडचण आली ती जागेची, आणि माझ्यापुरता निकाल तिनंच लावला. आमच्या घोडीला घर जवळ आल्याचं कळतं ते एका ठरावीक पट्ट्यात. तिथे दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, रस्ता एका गाडीपुरता आणि कडेला पाण्याची चारी. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर ऊसवाहतूक सुरू होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारे ऊस आणि टेपवर मोठ्यानं लावलेली गाणी. असं भरलेलं वाहन पटकन थांबत नाही. घोडी उधळायला लागली की तिला वळवायची, आणि ती अर्धी वळली की तिचं तोंड थेट ट्रॅक्टरकडे. ड्रायव्हर बिचारा वेग कमी करून विचारतो, ‘काय ओ, जाताय की थांबू?’ गोल अर्धवट सोडून घोडीला सरळ करण्यावाचून मार्ग नसतो. आणि सरळ म्हणजे घराकडे! जे तिला हवं होतं तेच तिच्या पदरात पडतं. नेमकं जिथे हा उपाय लागतो तिथेच तो मधे मोडायला लागायचा, आणि प्रत्येक अर्ध्या गोलानंतर घोडी आणखी हट्टी झाल्यासारखी मला वाटायची. पावसाळ्यात ट्रॅक्टर नसतात, पण ओल्या डांबरावर नाल घसरतो आणि शेजारच्या काळ्या रानात पाय रुततो. तेव्हाही लहान गोल घ्यायचा धीर होत नाही.

दारातल्या कामाचं सूत्र उलटं आहे. वाटेवर घोडीशी भांडायचंच नाही, घराची गोडी थोडी कमी करायची. यावर माझा विश्वास बसला तो २०२१ च्या महापुरात. पंचगंगेचं पाणी आमच्या बाजूला चढलं तेव्हा घोडी पाहुण्यांच्या गोठ्यात, म्हशींच्या शेजारी बांधली होती. पाऊस उघडल्यावर तिला तिथून फिरवायला काढली, तर परतताना अगदी शांत. वाटलं, खोड गेली. पण त्या गोठ्यात नियमानं चंदी मिळू लागली आणि थोड्याच दिवसांत ती त्या परक्या दारालाही ओढ घेऊ लागली. दारात पाऊल ठेवलं की खोगीर उतरतं, पाणी मिळतं, चंदी मिळते. तिची सगळी धाव त्या क्षणाकडे होती.

म्हणून तो क्षणच हलवायचा. रपेटीहून आल्यावर फाटकापाशी उतरायचं नाही. तबेल्यावरून तसंच पुढे जायचं, किंवा अंगणात दहा-पंधरा मिनिटं हळू पण मन लावून करायचं काम द्यायचं: लहान वळणं, चार पावलं मागे, थांबणं, पुन्हा चाल. मग फाटकातून परत बाहेर पडायचं. थोडं दूर बांधावर जाऊन उतरायचं, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करायचा आणि तिला तिथे चरू द्यायचं. खोगीरही तिथेच उतरवायचं आणि घोडी हातात धरून चालत घरी आणायची. चंदी घरी आल्यावर तासाभरानं. घोडी घामानं निथळत असेल त्या दिवशी अंगणातलं काम सोडून द्या, नुसती पुढे चालवत न्या. तिला दमवायचं नाही. विसावा घरातच मिळतो ही तिची खात्री तेवढी ढिली करायची.

आमच्याकडे घोडी सांभाळणाऱ्या मामांना हे सुरुवातीला अजिबात रुचलं नाही. ‘मालक, आल्या आल्या जनावर मोकळं करायचं असतंय. बाहेरनं फिरून आलंय, आणि परत कामाला लावताय व्हय?’ त्यांचं म्हणणं मायेपोटी होतं आणि त्यात तथ्यही आहे. शिवाय यात वेळ जातो. संध्याकाळी कामावरून येऊन स्वारी करणाऱ्याला शेवटचा अर्धा तास जड जातो. घरातल्या सगळ्यांनी एकच शिस्त पाळावी लागते. एकानं जरी फाटकात खोगीर उतरवून चंदी दिली की घोडी तेच लक्षात ठेवते. आणि फरक सावकाश पडतो. आधी आडवं नाचणं कमी होतं, मग लगामावरचं ओझं. वेगानं चालायची खोड सगळ्यात शेवटी सुटते, आणि आमच्या घोडीची ती अजून पूर्ण सुटलेली नाही. पण आता त्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर समोरून आला तर मी तिला कडेला उभी करतो आणि ती उभी राहते. मला तेवढंच हवं होतं.

तेव्हा तुमच्या वाटेवर माळ किंवा मैदान असेल, रहदारी नसेल आणि सवय नुकतीच लागली असेल, तर गोल फिरवण्यानं काम लवकर होईल, ते आधी करून बघा. वाट अरुंद असेल, घोडी शर्यतीतली असेल किंवा घरातलं लहान पोर तिच्यावर बसणार असेल, तर माझा कल दारातल्या कामाकडे आहे. दोन्ही एकत्र करायलाही हरकत नसावी. माळावर गोल आणि दारात काम. सुरुवात मात्र कारखाने बंद झाल्यावर, एप्रिलच्या पहाटे करा. रस्ते तेव्हा मोकळे असतात, ऊन व्हायच्या आत परतता येतं आणि पावसाळा लागेपर्यंत सलग वेळ मिळतो.