लिस्बनचं टाइल वर्कशॉप आणि माझे दोन कावळे

बहिणीकडे लिस्बनला गेले होते तेव्हा तिने आल्फामातल्या एका छोट्या टाइल वर्कशॉपमध्ये माझं नाव घातलं. दोन तासांचा क्लास, डिझाइन आपलं आपण निवडायचं. बाकीच्यांनी फुलं, मासे घेतले, मी शहराचं चिन्ह मागितलं, कारण आल्यापासून ते जहाज आणि त्यावरचे दोन कावळे दिव्यांच्या खांबांवर, फुटपाथच्या काळ्या-पांढऱ्या दगडांत सगळीकडे दिसत होते आणि डोक्यातून जातच नव्हते.

शिकवणाऱ्या काकूंनी गोष्ट इतकी छान सांगितली! लिस्बनचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत व्हिन्सेंटला सन 304 च्या सुमारास मारलं तेव्हा कावळ्याने त्याच्या देहाला जनावरं शिवू दिली नाहीत, आणि 1173 मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या राजाने, अफोंसो हेन्रिकेशने, अस्थी जहाजातून लिस्बनला आणवल्या तेव्हाही दोन डोमकावळे सोबत आले म्हणतात, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात ना, मला एकदम तेच आठवलं आणि भरून आलं.

काम कसं, तर कागदावर सुईने भोकं पाडलेली असतात, तो टाइलवर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. आईचा उदबत्तीने भोकं पाडलेला रांगोळीचा कागद अगदी असाच! पण खालचं पांढरं ग्लेझ कोरडं, खडूसारखं असतं, ब्रश टेकला की रंग पितं, मग पुसता येत नाही, त्यामुळे कावळ्याची चोच काढताना मी श्वास रोखून बसले होते. खरं चिन्ह सोनेरीवर काळं जहाज असं आहे, मी मात्र सगळं निळ्यात केलं, वरचा बुरूजांचा मुकुट तेवढा पिवळा.

एक तक्रार आहे. त्यांच्या कागदावर मुकुटाला चारच बुरूज होते. पोर्तुगालमध्ये चार म्हणजे छोटं नगर, शहराला पाच, आणि राजधानी म्हणून लिस्बनचे पाचही सोन्याचे. पाचवा मी हाताने काढला, काकूंनी लगेच मान्य केलं, पण कागद तरी बदला हो, लोक चुकीचं चिन्ह घरी नेतायत. कावळेही एकमेकांकडे तोंड करूनच हवेत, तेही तपासून घ्या.

भट्टीतून टाइल चार दिवसांनी मिळाली. रंगवताना मळकट वाटणारा रंग इतका गडद निळा झाला होता की मी दुकानातच बहिणीला मिठी मारली. पॅकिंग अगदीच साधं, एका कागदात गुंडाळून देतात, तेव्हा जाताना जाड टॉवेल न्या आणि टाइल केबिन बॅगेतूनच आणा.