‘रानमाणूस दाखवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध : खानापूरच्या रानात साक्षीदार कसे तयार केले जातात

अंगभर केस असलेला, दोन पायांवर चालणारा रानमाणूस दाखवतो असं सांगून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या रानात रात्री लोकांना नेणं, हा काही जणांनी धंदाच करून टाकला आहे. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, लोंढा ही नावं जाहिरातीत हमखास असतात. गिऱ्हाईक बेळगाव, निपाणी, चिकोडी, चंदगड, गडहिंग्लजकडचं. बहुतेक शिकलेलं, कमावतं आणि रानाची मनापासून ओढ असलेलं. सुरुवात माणशी दोन-तीन हजारांपासून होते. पुढं केस, ठसे आणि ‘रिपोर्ट’ यांच्या नावाखाली आकडा कितीतरी वर जातो. पैसे बुडालेली माणसं लाजेपोटी तोंड उघडत नाहीत आणि त्यावरच हा धंदा पोसला जातो.

यात सगळ्यात महाग माल म्हणजे तुमची साक्ष. पहाटे रानातून बाहेर पडताना तुम्ही कॅमेऱ्यासमोर मनापासून ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ म्हणता आणि त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओवर पुढच्या शनिवारची गाडी भरते. त्यामुळं फसलेला माणूस नकळत पुढच्याला फसवायच्या कामी लागतो. साक्ष कशी घडवली जाते, ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी प्राण्यांचं बघू. दक्षिण भारताच्या रानात एकही कपी, म्हणजे शेपूट नसलेला, माणसाच्या जवळचा एप, नाही. भारतातला कपी म्हणजे हूलॉक गिबन. तो ईशान्येकडं राहतो, झाडांवरच वावरतो आणि वजनाला जेमतेम सहा-आठ किलो भरतो. आपल्याकडं वानर, माकड आणि रात्री फिरणारी चिमुकली लाजवंती (लोरिस). यातलं कुणीही पाच-सहा फुटी सावली पाडत नाही. ती पाडतं अस्वल. काळं, झिपरं, मागच्या पायांवर उभं राहणारं, अख्खा तळवा टेकून चालणारं. भीमगड अभयारण्य आणि पलीकडचं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान हा अस्वलाचा मुलूख आहे. एप्रिल-मे महिन्यांत करवंदं आणि जांभळं पिकली की ते वाड्या-वस्त्यांच्या जवळ येतं. ‘दर्शना’च्या सहली याच दिवसांत जास्त निघतात, यात नवल नाही.

सहलीची पहिली पायरी म्हणजे आठ-दहा सेकंदांची हलती चित्रफीत. तिच्यातली आकृती चालता चालता खांद्यावरून वळून कॅमेऱ्याकडं बघते. ही लकब कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीक इथं २० ऑक्टोबर १९६७ रोजी घेतलेल्या, ‘बिगफूट’ म्हणजे अमेरिकेतल्या रानमाणसाच्या प्रसिद्ध फितीतली आहे. तेव्हापासून नकला करणारे तीच उचलतात. अशी फीत आली तर फॉरवर्ड केलेली प्रत घेऊ नका. ज्या फोनवर ती काढली त्यातली मूळ फाईल मागा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत वेळ, जागा, फोनचं मॉडेल यांच्या नोंदी बहुधा उरत नाहीत. मूळ फाईल ‘गेली’, ‘तो फोन विकला’, ‘वनखात्यानं जप्त केला’ अशी उत्तरं आली की तिथंच थांबा. एक फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि चित्रावरून शोध घ्या. जुनी परदेशी फीत असेल तर बरेचदा लगेच सापडते. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेल्या फितीही येतात. त्यात पायाखालचं गवत दबत नाही, फांदी अंगातून पलीकडं जाते, सावली उजेडाशी जुळत नाही. पण ही लक्षणं दिवसेंदिवस कमी होत आहेत, म्हणून भर मूळ फाईलवरच ठेवा.

दुसरी पायरी परवान्याची, आणि सीमाभागातला माणूस इथं जास्त फसतो. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वनखात्याची परवानगी लागते आणि रात्री पायी भटकायचा परवाना कुणा खासगी माणसाला विकता येत नाही. तरी कागद दाखवला जातो. कन्नडमध्ये छापलेला, गोल शिक्का असलेला. कन्नड वाचता न येणारा मराठी माणूस तो बघतो आणि समाधान मानतो. पुष्कळदा ती नाक्यावरची वाहनाची पावती असते, नाहीतर भलत्याच तारखेची दिवसा फिरायची पावती. कागदाचा फोटो कन्नड वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवा आणि चार गोष्टी विचारा : तारीख कोणती, नाव कुणाचं, रक्कम किती, कशासाठी. एवढं झाल्यावर पावती क्रमांक घेऊन खानापूरच्या वनखात्याच्या कचेरीत खात्री करा. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक क्यूआर कोडवर मागितले, तर तो सरकारी परवाना नव्हे.

आता रात्र. नेमकी अमावास्येच्या आसपासची. ‘उजेडानं तो बिथरतो’ म्हणून मोबाईल एका पिशवीत गोळा केले जातात. मग दोन-तीन तास बसवून ठेवतात. बोलायचं नाही, पण गाईड मात्र हलक्या आवाजात सांगत असतो : केवढा उंच, वास कसा, गवळ्याची म्हैस कशी फाडली. त्याच्या वर्णनातला तपशील तुमच्या मनात आधीच जाऊन बसतो आणि नंतर तुम्ही तोच ‘पाहिला’ म्हणून सांगता.

पहिल्यांदा आवाज येतो. रानघुबडांच्या काही जातींची ओरड माणसाच्या किंकाळीसारखी असते आणि भेकराचं भुंकणं रात्री अंगावर काटा आणतं. ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो ओळखता येतो. दोन हाकांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखं असतं, हाक हुबेहूब तीच असते आणि तिच्यामागं दरीतला घुमारा नसतो.

मग डोळे दिसतात. बॅटरीचा झोत पडला की झुडपात दोन ठिणग्या लकाकतात आणि गाईड म्हणतो, ‘बघा, तोच.’ हे एवढं एकच ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ आहे : माणूस, वानर, माकड आणि कपी यांच्या डोळ्यांत उजेड परतवणारा पडदा नसतो. त्यांचे डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे चमकत नाहीत. डोळे लकाकले म्हणजे समोर बिबट्या, उदमांजर, हरीण, अस्वल, लाजवंती किंवा गावातलं कुत्रं आहे. लकाकणारे डोळे हा रानमाणसाचा पुरावा म्हणून पुढं केला जातो, तेव्हा तोच पुरावा ‘हा वानर-माणूस नव्हे’ असं सांगत असतो.

शेवटी आकृती. चाळीस-पन्नास मीटरवर, चार-पाच सेकंद, आणि लगेच ‘पळा’ अशी आरोळी. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेला माणूस धुक्यात पाठमोरा बघा. मान दिसत नाही, खांदे रुंद वाटतात, डोकं निमुळतं, अंग काळपट आणि केसाळ. धनगर-गवळ्यांच्या मुलखात हे सोंग उभं करायला वेगळा पोशाख शिवावा लागत नाही. उंचीचा अंदाज तर अंधारात कुणाचाच बरोबर येत नाही, कारण मापाला शेजारी काही नसतं. जागा खासगी किंवा महसुली माळावर असेल, तर दिवसा पुन्हा जा. आकृती जिथं होती तिथं दर फुटाला खूण केलेली काठी उभी करा आणि स्वतःच्या जागेवरून फोटो काढा. नऊ फूट म्हणून सांगितलेली आकृती या काठीशेजारी साडेपाचावर येते.

पळून आल्यावर चहा आणि गप्पा. इथंच साक्ष पक्की होते. एक म्हणतो केस तपकिरी होते, दुसरा म्हणतो हात गुडघ्यापर्यंत लांब होते, आणि अर्ध्या तासात सगळ्यांची एकच हकीकत तयार होते. कुणी खोटं बोलत नसतं. मे २००१ मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’ची घबराट पसरली. कुणी चार फुटी सांगितला, कुणी त्याहून बराच उंच, कुणी हेल्मेट घातलेला, कुणी लोखंडी पंजांचा. भीतीनं गच्चीवरून पडून माणसं दगावली आणि पोलिसांना असा कोणताही प्राणी सापडला नाही. सांगणारे बहुतेक प्रामाणिकच होते. म्हणून अशा प्रसंगातून बाहेर आलात तर एकमेकांशी एक अक्षर न बोलता प्रत्येकानं कागदावर लिहावं : वेळ, अंतर, किती सेकंद, काय दिसलं आणि काय फक्त ऐकलं. नंतर कागद शेजारी शेजारी ठेवा. कॅमेऱ्यासमोर मात्र काहीही बोलू नका, त्या सकाळी तर मुळीच नको.

उजाडल्यावर ठसे दाखवतात. लाकडी किंवा रबरी साच्याचे ठसे ओळखायला डोळा लागत नाही, टेप लागतो. लागोपाठ पाच-सहा ठसे मोजा. जिवंत पाऊल प्रत्येक वेळी वेगळं पडतं. बोटं कधी पसरतात, कधी दुमडतात. चढावर टाचेचा ठसा पुसट होतो, उतारावर खोल जातो, चिखलात पाऊल सरकतं. सगळे ठसे एकाच मापाचे आणि एकाच खोलीचे असले तर ते साचे आहेत. अमेरिकेत १९५८ मध्ये ‘बिगफूट’ हे नाव गाजलं ते ब्लफ क्रीकच्याच परिसरातल्या ठशांवरून. तिथल्या रस्त्याच्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस २००२ साली वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी लाकडी पावलं बाहेर काढून दाखवली.

आता अस्वलाचा ठसा. मागचं पाऊल अनवाणी माणसाच्या पावलासारखंच दिसतं आणि पुढच्या पावलाच्या ठशावर मागचं पडलं की ते लांबलचक होतं. फरक बोटांत आहे. माणसाचं सगळ्यात मोठं बोट आतल्या बाजूला असतं. अस्वलात आतलं बोट मोठं नसतं आणि पाचही बोटं जवळपास एका ओळीत येतात. पुढं नखांच्या टोकांची भोकं शोधा. ती सापडली तर तिथं आणखी थांबू नका, कारण अस्वल अचानक समोर आलं तर पळत नाही, तोंडावर आणि डोक्यावर हल्ला करतं. खोट्या रानमाणसासाठी खऱ्या अस्वलाच्या वाटेवर रात्री माणसं बसवणं, हा या धंद्यातला सगळ्यात निर्दय भाग आहे. गेलेले पैसे परत मिळू शकतात. गेलेला डोळा येत नाही.

ठशाचा प्लास्टरचा साचा हजारात विकतात. प्लास्टर ऑफ पॅरिस, दोन भाग पूड आणि एक भाग पाणी, अर्ध्या तासात घट्ट. साहित्य किरकोळ किमतीचं. साच्यावरच्या बारीक रेषा ‘कातडीच्या रेषा’ म्हणून दाखवल्या तर विश्वास ठेवू नका. आपल्या तांबड्या, कोरड्या मातीची भुकटी प्लास्टरमधलं पाणी शोषते आणि पृष्ठभागावर अशा वळ्या आपोआप पडतात.

केसांचा व्यवहार सगळ्यात धोक्याचा. पुडीत निघतं ते घोड्याचं शेपूट, नारळाचा काथ्या किंवा टोपाचे कृत्रिम केस. एक केस जाळून बघा : कृत्रिम असेल तर वितळून मणी होतो, खरा असेल तर जळक्या शिंगाचा वास येतो. पण खरा निघाला तर संकट मोठं, कारण अस्वलाचे केस ताईतासाठी विकायची चाल जुनी आहे. अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या अवयवांचा व्यापार केला तर तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार दंड. ‘रानमाणसाचे म्हणून घेतले’ हे सांगून सुटका होत नाही. अशी पुडी घरात असेल तर वकिलाला विचारून ती लेखी नोंदीसह वनखात्याकडं जमा करा.

‘डीएनए रिपोर्ट’ म्हणून पीडीएफ मिळते. मेघालयातल्या गारो टेकड्यांतल्या ‘मांदे बरुंग’चे, म्हणजे तिकडच्या रानमाणसाचे म्हणून दिलेले केस २००८ मध्ये तपासले गेले, ते हिमालयातल्या गोरल या बकरीच्या जातीतल्या प्राण्याचे निघाले. २०१७ मध्ये यतीचे (हिममानवाचे) म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. खऱ्या तपासणीचा निकाल असा ओळखीच्या प्राण्याचं नाव सांगतो. ‘अज्ञात प्रजाती’ असं छापून देणारी दोन दिवसांतली पीडीएफ खोटी समजा. वन्यप्राण्यांच्या नमुन्यांची कायदेशीर तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र केंद्रासारख्या संस्थेत होते आणि तिथं नमुने वनखातं, पोलीस किंवा न्यायालयामार्फत जातात, गाईडमार्फत नाही.

अख्खं धड असल्याचा दावाही ऐकायला येईल. २००८ साली अमेरिकेत जॉर्जियातल्या दोघांनी बर्फात ठेवलेलं बिगफूटचं प्रेत जाहीर केलं, पत्रकार परिषदही झाली. बर्फ वितळल्यावर आत रबरी पोशाख होता. ‘आत्ता हात लावायचा नाही, आधी पैसे’ हे वाक्य ऐकलं की निघून यायचं.

पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. सोबत यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी लागतो. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. चॅट पुसू नका, क्यूआर कोडचा फोटो, परवान्याचा कागद, पुडी, साचा, सगळं जपा. हा फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली येतो. चंदगड किंवा कोल्हापूरचा माणूस खानापुरात फसला तर ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाचा एफआयआर नोंदवता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. जबाब कन्नडमध्ये लिहिला असेल तर तो मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

‘रात्री अभयारण्यात तुम्हीच शिरलात, वनखात्याला कळवू का?’ अशी धमकी येते आणि बहुतेकांची तक्रार तिथंच अडते. धमकी देऊन आणखी पैसे मागणं ही खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम ३०८. खोटा परवाना दाखवून नेलं हे वकिलामार्फत आधी आपणच लेखी कळवलं तर या धमकीत जीव राहत नाही.

तक्रारीत आणखी एक मागणी न चुकता लिहा. पहाटे घेतलेला तुमचा साक्षीचा व्हिडिओ काढून टाकावा, तो मी मागं घेत आहे, अशी. व्हिडिओ फिरत असेल तर त्याच ग्रुपमध्ये, त्याच खाली, स्वतःच्या नावानं तसं मराठीत लिहा आणि सहलीची तारीखही टाका.