हिमनदीचं किट : स्लाइम नाद खुळा, बाकीचं काय पटलं नाही

पोरगी नववीत आहे, भूगोलात हिमनदी आलीय म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानातनं हे किट घेतलं, सहाशेच्या आसपास पडलं. आत डोंगरदरीचा प्लास्टिकचा ट्रे, पांढऱ्या स्लाइमचं पाकीट, थोडी खडी आणि मराठी पुस्तिका.

स्लाइमला पैकीच्या पैकी. ट्रे तिरका ठेवून वरच्या खोलगट भागात ओतायचा, त्यात आडव्या सरळ रांगेत टूथपिक टोचायच्या. चहा होईपर्यंत रांगेची कमान झालेली, मधल्या काड्या पार पुढं आणि कडेच्या जवळपास तिथंच. खऱ्या हिमनदीतबी असंच, कडेला आणि तळाला खडक अडवतो म्हणून मधला, वरचा बर्फ जास्त पळतो. लुई अगासी या शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बर्फात खुंट्या रोवून हेच मोजलं होतं. घट्ट बर्फ स्वतःच्याच वजनानं काकवीसारखा वाहतो हे पोरीला नुसतं सांगून पटलं नसतं.

आता राग कशाचा, तर दरी साच्यातनंच यू आकाराची करून दिलीय! आपल्या गगनबावड्याकडं ओढ्यांनी कोरलेल्या दऱ्या खाली निमुळत्या असतात, तशी दरी घासून घासून हिमनदी ती रुंद करते, हाच तर धडा आहे की राव. खडीपण स्लाइमवरनं नुसती घरंगळते. खरं काम करतात ते तळाच्या बर्फात गोठून बसलेले दगड, बर्फ वितळलेल्या पाण्यावरनं घसरतो तेव्हा ते खडकावर ओरखडे पाडत जातात. शेवटी मीच वाटीत पाणी, वाळू, खडी घालून फ्रीझरला लावली आणि तो गोळा साबणाच्या वडीवर दाबून ओढला, समांतर चरे लगेच दिसले, किटमधल्या खडीचा तेवढा तरी उपयोग झाला.

पुस्तिकेत तर 'हिमनदी मागे सरकते' म्हणून डोंगराकडं बाण काढलाय, हे लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगा. गंगोत्रीचा बर्फ आजपण खालीच येतोय, फक्त गोमुखाजवळ जेवढा येतो त्यापेक्षा जास्त वितळतो म्हणून तोंड मागं हटतंय.

पाचपैकी तीन स्टार. घ्यायचं तर घ्या, पण स्लाइम सतरंजीवर सांडू देऊ नका, काय केल्या निघत नाही.